कर्ता हरवलेली वाक्ये

(भंडारा येथे शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषेवर बोलावयास कोणी उभा राहिला की आता इंग्रजी शब्दांविरुद्ध तक्रार ऐकावी लागणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती तक्रार घेऊन मी आलेलो नाही. बस आली, टेबल मोडले, फॉर्म भरला; यांतील एक शब्द स्त्रीलिंगी, दुसरा नपुंसकलिंगी, तिसरा पुल्लिंगी. ही लिंगे त्यांना कोणत्या समितीने वाटून दिली नाहीत, बोलणाऱ्यांनी दिली. फाईलच्या फायली झाल्या, पेन्सिलीच्या पेन्सिली झाल्या, कोर्टाला 'कोर्टात' आणि 'कोर्टाचा' असे प्रत्यय लागले. शब्द परके, पण त्यांना वागावे लागले मराठीच्या शिस्तीने. अशा पाहुण्यांचे भय बाळगण्याचे कारण नाही.

मला बोलावयाचे आहे ते याच्या उलट प्रकाराविषयी. वाक्यातला एकूण एक शब्द मराठी, किंबहुना संस्कृत, आणि वाक्याची बांधणी मात्र इंग्रजी. हा पाहुणा ओळखू येत नाही, म्हणून तो अधिक आत शिरतो.

काही वर्षांपूर्वी पवनी तालुक्यातील एका गावी असताना एक वृद्ध बाई हातात नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या. धानाच्या बांधीवरून भाऊबंदांत वाद होता. नोटिशीत लिहिले होते : 'विहित कालावधीत लेखी म्हणणे सादर केले न गेल्यास आपणांस काहीही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरले जाईल.' मी ते वाक्य दोनदा वाचून दाखविले. बाईंनी शांतपणे विचारले, "धरनार कोन?" आमच्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, तेव्हा उच्चार गावचा होता, पण प्रश्न कोणाही व्याकरणकाराला साजेल असा होता. म्हणणे कोणी सादर करावयाचे, कोणापुढे करावयाचे आणि गृहीत कोण धरणार, यांपैकी एकही माणूस त्या वाक्यात नव्हता. मुदतीचे पाच दिवस उरले होते आणि हे बाईंना ठाऊक नव्हते.

शाळेत आपण तीन प्रयोग शिकवितो : कर्तरी, कर्मणी, भावे. 'रामाने आंबा खाल्ला' हा आपला खरा कर्मणी प्रयोग. यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, पण राम जागेवर असतो. कोणी खाल्ला हे लपत नाही. 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' या रचनेस शालेय व्याकरणात नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात, आणि ती इंग्रजीच्या धर्तीवरची आहे हेही तेथेच सांगितलेले असते. कर्ता 'कडून'च्या आड ढकलला की पुढच्या पायरीवर तो गाळून टाकणे सोपे. 'आंबा खाल्ला गेला.' संपले!

येथे एक गंमत आहे. 'कडून' हा शब्द मराठीत पूर्वीपासूनच आहे, पण त्याचे काम निराळे. 'माझ्याकडून चूक झाली', 'माझ्याकडून कप फुटला', 'त्याच्याकडून हे काम व्हायचे नाही'. जेथे हेतू नाही किंवा जेथे बळ पुरत नाही, तेथे आपण 'कडून' म्हणतो. 'मी कप फोडला' आणि 'माझ्याकडून कप फुटला' यांतील अंतर लहान मूलही जाणते, आणि मार चुकविण्यासाठी नेमके दुसरे वाक्य वापरते. आता 'ग्रामपंचायतीकडून रस्ता बांधला गेला' हे वाक्य मराठी कानाने ऐका. पंचायतीच्या हातून नकळत रस्ता होऊन गेला, असा भास होतो. ज्या सरपंचाने त्या रस्त्यासाठी दोन उन्हाळे खेटे घातले, त्याच्यावर हा अन्याय नव्हे काय? 'ग्रामपंचायतीने रस्ता बांधला' यात एक शब्द कमी आहे आणि श्रेय ज्याचे त्याला आहे.

हे सारे आले कोठून? मोडीत लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांना पूर्णविराम, स्वल्पविराम ठाऊक नव्हते. ती चिन्हे इंग्रजीतून मराठीत आणून रुजविण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा. शालेय पुस्तकांच्या मराठीवरही त्यांचा हात फिरला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 साली निघाले, त्याच्या मांडणीवरही इंग्रजी व्याकरणाची छाया आहे. यातून मराठी गद्याला नेटकेपणा आला हे नाकारता येणार नाही. आज मी बोलतो आहे ती भाषाही त्याच घडणीतली.

दुसरी लाट कचेरीची. भाषा संचालनालय 1960 साली स्थापन झाले आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा. शेकडो नियम, नमुने, परिपत्रके इंग्रजीत तयार होती आणि ती मराठीत हवी होती. ज्यांनी ते काम केले त्यांच्याविषयी मला आदर आहे. पदनामे आणि परिभाषा त्यांनी कष्टाने घडविली. 'अधिदान', 'अधीक्षक' हे शब्द तेव्हा हास्यास्पद वाटले, आज त्यांतील कितीतरी रुळले. परंतु शब्दांकडे जितके लक्ष गेले, तितके वाक्यांच्या बांधणीकडे गेले नाही. 'मला असे कळविण्याचा आदेश झाला आहे की', 'याद्वारे सूचित करण्यात येते की', 'परंतु असे की' ही इंग्रजी वाक्येच आहेत, केवळ लिपी बदललेली. कायद्याच्या मसुद्यात अर्थाचा काटेकोरपणा राखण्यासाठी ती क्षम्य मानू. पण पाणीपट्टीच्या मागणीपत्रात ती कशाला?

कचेरीतून ही वळणे वर्तमानपत्रांत गेली आणि तेथून घराघरांत. आपण 'पावले उचलतो', 'प्रकाश टाकतो', 'भूमिका बजावतो'. यांतील काही वाक्प्रचार आता मराठीचेच झाले. त्यांच्या मागे लाठी घेऊन धावणे व्यर्थ. मात्र 'भंडारा हा सर्वाधिक तलाव असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे' असे विद्यार्थ्याने निबंधात लिहिले, तर शिक्षकांनी थोडे थांबावे. 'तलावांसाठी नाव घ्यावे असा हा जिल्हा' असे त्याच्या आजोबांनी म्हटले असते. 'एक शिक्षक म्हणून मला असे वाटते' यातला तो 'एक' कशासाठी आहे, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. दुसरा शिक्षक होऊन थोडेच कोणी बोलणार आहे?

संबंधी वाक्यांची गोष्ट अधिक महत्त्वाची. 'अशा कुटुंबांना, ज्यांची घरे गोसीखुर्दच्या जलाशयात गेली आहेत, अर्ज करता येईल.' इंग्रजीत आधी नाम आणि मागाहून त्याचे वर्णन येते. मराठीत 'जो' आधी, 'तो' नंतर : 'ज्यांची घरे गोसीखुर्दच्या जलाशयात गेली, त्यांनी अर्ज करावा.' ऐकणाऱ्याला पहिल्या चार शब्दांतच कळते की हे आपल्याविषयी आहे. ग्रामसभेत जे वाचून दाखवावयाचे असते, तेथे हा क्रम फार मोलाचा; कारण ऐकणाऱ्याला मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचता येत नाही.

प्रत्येक वेगळे वळण इंग्रजीचेच, असेही समजू नये. हा जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रांतात आणि नंतरच्या मध्य प्रदेशात होता. 'माझी मदत करा' हे आपल्याकडे ऐकू येते ते हिंदीच्या शेजारामुळे. आणि लोक भाषा घडवू लागले म्हणजे कशी घडवितात, याचा दाखला तर दारातच आहे. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली, तलाव राहिले, आणि कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले. त्याचे 'मामा तलाव' झाले आणि आता कागदावरही तेच नाव आहे. आद्याक्षरे जुळविण्याची रीत इंग्रजीचीच म्हणा, पण तिच्यातून नाते निघाले, ते आपले.

शिक्षकांना माझी सूचना इतकीच, की प्रयोग शिकविताना पुस्तकातील वाक्यांबरोबर पंचायतीच्या फलकावरची एक सूचना वर्गात न्यावी आणि मुलांना तिच्यातील कर्ता शोधावयास सांगावे. ग्रामसेवकांनी सूचना लावण्यापूर्वी ती एकदा मोठ्याने वाचावी. जेथे श्वास पुरत नाही, तेथे वाक्य तोडावे.

त्या दिवशी बाईंसाठी मी नोटिशीच्या पाठीमागे लिहिले : 'तुम्ही या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत तहसील कचेरीत आपले म्हणणे लिहून द्या. दिले नाही, तर तुमची तक्रार नाही असे तहसीलदार समजतील आणि निकाल देतील.' बाईंनी ते ऐकले, बोटांवर दिवस मोजले आणि विचारले, सातबारा सोबत न्यावा लागेल काय.