पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा करून ठेवताना

भाताची चिखलणी उरकली, लावणी झाली की आपला ट्रॅक्टर मोकळा होतो. मग तो थेट भातकाढणीनंतर, म्हणजे ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात, लागतो. मधले तीन महिने तो उभाच असतो. थंड देशांत बर्फ पडायच्या आधी लोक आपली मोटार नीट तयार करून बंद ठेवतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळा आहे. तेव्हा या काळासाठी ट्रॅक्टर कसा ठेवायचा, याची माहिती आज आपण घेणार आहोत.

कोथरूडला राहून मुळशी, भोर भागात शेती करणारी बरीच कुटुंबं आहेत. चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौडकडे जावं तसा पाऊस वाढत जातो. ट्रॅक्टर तिकडे शेडमध्ये आणि मालक इकडे, असं झालं की तीन महिने त्याच्याकडे कुणी पाहत नाही. भात निघाल्यावर जमिनीत ओल असते. त्या ओलीवर हरभरा, वाल, मसूर पेरायचा असतो. वाफसा थोडेच दिवस टिकतो. नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, मेकॅनिक चार दिवसांनी आला, तर ओल उडून जाते आणि रब्बीचं पीक हातचं जातं. म्हणून उभा करतानाच अर्धा दिवस खर्च करा.

पहिलं काम धुण्याचं. चिखलणीचा चिखल चाकांच्या आत, मडगार्डखाली, केज व्हील आणि रोटाव्हेटरच्या पात्यांत अडकलेला असतो. तो ओल धरून ठेवतो आणि खालचं लोखंड गंजतं. सगळं धुऊन एक दिवस उन्हावाऱ्यात वाळू द्या. मग प्रत्येक निपलला ग्रीस भरा. आतलं पाणी मिसळलेलं जुनं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत पंप मारा. फाळ, पाती आणि रंग उडालेल्या जागी जुनं ऑइल पुसून घ्या. अवजारं हायड्रॉलिकवर टांगून ठेवू नका, लाकडी फळीवर खाली टेकवा.

दुसरं काम तेलाचं. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये आम्लं आणि ओलावा साठलेला असतो. ते तीन महिने आत राहिलं तर बेअरिंग खातं. म्हणून ऑइल आणि फिल्टर उभं करण्याआधीच बदला. नंतर इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे नवं ऑइल सगळीकडे पोचेल. डिझेलची टाकी जवळजवळ भरून ठेवा. टाकी रिकामी असली की आतल्या दमट हवेचं पाणी पत्र्यावर जमतं आणि डिझेलमध्ये उतरतं. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी न ठेवता कूलंट मिसळा. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, पण कूलंटमुळे आतला गंज थांबतो.

तिसरं काम बॅटरीचं. काढताना आधी ऋण म्हणजे वजा खुणेची वायर सोडा, मग अधिक खुणेची. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करून व्हॅसलीन लावा. पाण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बॅटरी पूर्ण चार्ज करून लाकडी फळीवर कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. चार्जिंगच्या वेळी पेटणारा वायू निघतो. तिथे विडी, काडी नको आणि खिडकी उघडी हवी.

आता जागा. ट्रॅक्टर सपाट, उंचवट्याच्या जागी, छपराखाली ठेवा. चाकांना पुढूनमागून दगड किंवा ओंडके लावा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या आणि मगच हँडब्रेक सोडा. ब्रेक ओढलेला राहिला तर दमट हवेत तो धरून बसतो. क्लचचंही तसंच. प्लेट चिकटू नये म्हणून क्लच पेडल दाबून लाकडी ठोकळा किंवा कंपनीने दिलेली कडी लावा. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, खालून वारा खेळू द्या.

त्याच शेडमध्ये युरिया किंवा इतर खतांची पोती ठेवायची सवय सोडा. खत हवेतली ओल ओढून घेतं आणि त्या ओलीने लोखंड फार लवकर गंजतं. पेंढा आणि धान्यही नको, कारण तिथे उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात.

पंधरा दिवसांनी जाऊन दोन मिनिटं इंजिन चालवायचं, असं बरेच जण करतात. त्याने फायदा नाही. गरम न झालेल्या इंजिनात उलट पाणी साठतं. चालवायचाच असेल तर बॅटरी जोडा, डबा आणि ठोकळा काढा आणि पुरता गरम होईपर्यंत चालवा. शेडची दारं मात्र उघडी ठेवा, बंद जागेतला धूर जीवघेणा असतो.

कोथरूडमध्ये जीप किंवा मोटार महिनोन्‌महिने उभी ठेवणाऱ्यांनीही बॅटरी, हँडब्रेक आणि उंदीर या तीन गोष्टी पाहाव्यात. नदीपात्रात किंवा नदीकाठच्या सखल जागी गाडी ठेवूच नये. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं, हे आपण पाहिलं आहे. गाडी पाण्यात बुडालीच, तर चावी फिरवू नका. आधी ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे असं समजा आणि मेकॅनिकला बोलवा.

पुन्हा सुरू करताना हा क्रम पाळा :

१. सायलेन्सरवरचा डबा आणि क्लचचा ठोकळा काढा.
२. ऑइल, कूलंट आणि टायरची हवा पाहा.
३. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडा.
४. बॅटरी जोडताना आधी अधिक, मग वजा.
५. पाच मिनिटं बिनभार चालवा, ब्रेक तपासा, मगच शेतात घाला.

भात कापणीला येण्याच्या आठ दिवस आधीच हे करून पाहा. काही बिघाड निघाला तर दुरुस्तीला वेळ मिळेल आणि वाफसा येईल त्या दिवशी ट्रॅक्टर तयार असेल. हे पत्रक शेडच्या दाराला आतून लावून ठेवा.