पोरं शिकायला बाहेरगावी, विम्याचं काय?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या जिन्यात खेळलेली कितीतरी मुलं-मुली आज नागपूर, पुणे, रायपूरला होस्टेलवर राहतात. त्यांना पाठवताना आपण गादी, बादली, लोणच्याची बरणी सगळं आठवणीनं देतो. आरोग्य विम्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "जवान पोराले काय होते जी?" डेंग्यू, अपेंडिक्स आणि दुचाकीचा अपघात वय पाहून येत नाहीत. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, नवं घेण्याआधी घरात काय आहे ते पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सर्व रेशनकार्डधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण उपचार आणि रुग्णालय दोन्ही योजनेच्या यादीत असावे लागतात. मुलांचं नाव रेशनकार्डात आहे का, तेही तपासा. कॉलेज फीसोबत जो विमा घेते, तो अनेकदा अपघातापुरताच असतो.

दुसरी, कुटुंबाची एकत्र पॉलिसी असेल तर मुलाला त्यातच ठेवणं बहुधा स्वस्त पडतं. साधारण २५ वर्षांपर्यंत तसं चालतं. फक्त त्याच्या कॉलेजच्या गावात कॅशलेस रुग्णालयं कोणती, ती यादी काढून घ्या. नवी पॉलिसी घेतली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजाराचा खर्च मिळत नाही. तेव्हा ॲडमिशनची वाट न पाहता बारावीच्या सुट्टीतच घ्या.

तिसरी, खोलीभाड्याची मर्यादा वाचा. समजा, मर्यादा रोज ५,००० रुपये आहे आणि आपण १०,००० ची खोली घेतली. वरचे पाच हजार तर आपण भरतोच, पण डॉक्टर, ऑपरेशन थिएटर वगैरेंचा खर्चही कंपनी निम्माच देऊ शकते. अशी मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग असली तरी परवडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे.

चौथी गोष्ट जरा अवघड आहे, पण आपल्या जिल्ह्यात बोललीच पाहिजे. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. लग्नाला अडचण येईल म्हणून घरं ते लपवतात आणि तीच सवय विम्याच्या फॉर्मवर येते. फॉर्ममध्ये आजाराचं विचारलं असेल तर खरंच लिहा. एजंट म्हणाला "लिहू नका", तरी लिहा. सही आपली असते. आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. अठराव्या वर्षी खरं लिहून पॉलिसी मिळाली आणि ती खंड न पाडता चालू ठेवली, तर एकविसाव्या वर्षी ही मुदत संपते. लपवलं तर ऐन दवाखान्यात क्लेम नाकारला जातो, आणि तेव्हा पोर एकटं असतं, आपण गाडीत. कंपनी हप्ता वाढवेल, कदाचित नाहीही म्हणेल. मग दुसऱ्या कंपनीत विचारा.

पॉलिसी हाती आली की ३० दिवसांत वाचा. पटली नाही तर परत करता येते. आणि कार्डाचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये ठेवा, एक त्याच्या खोलीतल्या मित्रालाही द्या. तापात पडलेल्या पोराला पॉलिसी नंबर आठवत नाही.

ज्यांना फॉर्म समजून घ्यायचा आहे, त्यांनी रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात यावं. मिळून वाचू.