माग थांबतो तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं होतं. यंत्राचा आणि माझा संबंध एवढाच, की माझे वडील सोलापुरात यंत्रमागावर कामाला होते आणि लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी कारखान्यात जायचो. तरीही आज मी कॉम्प्युटरच्या एका दुखण्याविषयी बोलणार आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात ते माझ्या घरी आलं. ते कसं बरं झालं हे सांगतो, आणि त्यात माझं काय चुकलं तेही सांगतो.

त्या वर्षी माझी अम्मा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. आमच्या घरात बोलणं दखनी, पण अम्माच्या जात्यावरच्या ओव्या सगळ्या मराठी. गावी शेजारणींबरोबर दळताना शिकलेल्या. जातं कधीच गेलं, ओव्या तिच्या ओठांवर राहिल्या होत्या. जानेवारीपासून आमचा परिपाठ पडला. दुपारी ती खाटेवर बसून म्हणायची आणि मी समोरच्या कॉम्प्युटरवर टाईप करायचो. टंकलेखन बऱ्यापैकी जमू लागलं होतं, म्हणून आधी वहीत उतरवून घ्यायची जुनी सवय मी सोडली होती. एप्रिलपर्यंत बासष्ट ओव्या झाल्या.

१४ एप्रिलला, रविवारी, माझा भाचा आला. डिप्लोमाला होता तेव्हा. "मामू, तुम्हाला सोपा जाईल असा मराठी कीबोर्ड टाकून देतो," म्हणाला आणि टाकून दिला. सोबत एक क्रिकेटचा खेळही टाकला. दोन दिवसांनी, मंगळवारी दुपारी, ओवी अर्धी लिहिली असताना पडदा एकदम निळा झाला. वर एक रडका चेहरा, खाली इंग्रजीत काहीबाही, टक्के मोजणारा आकडा, आणि मग यंत्र आपोआप पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी चार वेळा.

मी भाच्याला बोलावून घेतलं आणि अम्मासमोर नाही नाही ते बोललो. "तूच काहीतरी घुसडलंस त्यात. तुझा हात लागेपर्यंत मशीन ठणठणीत होतं." त्यानं वाद घातला नाही. अर्धा कप चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

मग बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात यंत्र नेलं. "व्हायरस असेल, फॉरमॅट मारू," दुकानदार म्हणाला. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून नव्यानं विंडोज बसवणं. "डेटा कुठं आहे?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "डी ड्राईव्हमध्ये." कविता तिथंच होत्या. पण ओव्यांची फाईल रोज हाताशी लागते म्हणून मी ती डेस्कटॉपवर ठेवली होती, आणि डेस्कटॉप हा सी ड्राईव्हचाच भाग असतो हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी यंत्र घरी आलं. स्वच्छ, कोरं. बासष्ट ओव्या गेल्या होत्या. पुसलेल्या जागेवर नवं विंडोज लिहिलं गेलं होतं, त्यामुळे परत काही मिळालं नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी तोच निळा पडदा पुन्हा समोर उभा. आता दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड गेला. नवीनच घ्या."

रमजान ईद ५ जूनला होती. बहीण एकटीच आली. शिरखुर्म्याच्या वाट्या मांडताना अम्मानं एक वाटी जास्त मांडली आणि काही न बोलता उचलून ठेवली. मला ते फार लागलं.

त्या रात्री झोप येईना. वडिलांच्या कारखान्याची आठवण झाली. साध्या यंत्रमागावर धोटा इकडून तिकडे धावत असतो आणि बाण्याचा धागा टाकत असतो. तो धागा जागेवर आहे की नाही हे चाचपणारा एक छोटा काटा असतो. धागा तुटला की काट्याला ते कळतं आणि माग आपोआप थांबतो. न थांबता तसाच चालला, तर कापडात विरळ पट्टा पडतो आणि सगळा माल वाया जातो. नवा पोऱ्या थांबलेल्या मागाला शिव्या घालायचा. वडील म्हणायचे, "माग थांबला म्हणून कापड वाचलं. आता तो कधी थांबला, कशानं थांबला ते बघ."

निळ्या पडद्याचंही असंच आहे, हे मला पुढं समजलं. कॉम्प्युटरच्या गाभ्यात जे काम चालतं, त्यात काही अशक्य घडलं, म्हणजे मेमरीत भलतंच काही सापडलं किंवा एखाद्या ड्रायव्हरनं नको तिथं हात घातला, की विंडोज स्वतःहून सगळं थांबवते. तसंच पुढं रेटलं तर चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाईल, त्यापेक्षा थांबलेलं बरं, असा त्यामागचा विचार. निळा पडदा हा आजार नव्हे. आतला आजार ओळखून यंत्रानं लावलेला तो ब्रेक आहे. माझ्या ओव्या त्या पडद्यानं घालवल्या नाहीत. त्या मी घाईनं घालवल्या.

'कधी थांबला' हे पाहण्यासाठी मी माझी रोजनिशी काढली. ५ एप्रिलच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं : 'दुपारी मशीन बंद होऊन परत सुरू झालं. निळं काहीतरी दिसलं. वीज गेली असावी. पंखा चालू होता.' पंखा चालू होता, म्हणजे वीज गेलेली नव्हती. आणि भाचा आला होता १४ तारखेला, त्यानंतर नऊ दिवसांनी. मी ते लिहून विसरलो होतो आणि नंतर जो माणूस घरात आला त्याच्यावर संशय घेऊन मोकळा झालो होतो. संशयित म्हणून आधी नजर आपल्याकडे वळणं म्हणजे काय, हे मी माझ्या आयुष्यात थोडंफार अनुभवलेलं आहे. घरच्याच पोराशी मी तेच केलं होतं.

सकाळी रोजनिशी घेऊनच बहिणीकडे गेलो. भाच्याला पान दाखवलं आणि माफी मागितली. तो थोडा वेळ पान बघत राहिला. मग म्हणाला, "मामू, फॉरमॅटनंतरही येतंय ना? मग तो कीबोर्ड आता त्यात आहे कुठं?" इतकी सरळ गोष्ट! पाटी कोरी करूनही दुखणं परत आलं, म्हणजे ते पाटीवरच्या अक्षरात नसून पाटीतच असणार. मला ते सुचलं नव्हतं, कारण माझा निकाल आधीच लागलेला होता.

तो संध्याकाळी घरी आला आणि आम्ही कामाला लागलो. त्यानं जे केलं ते क्रमानं सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाला ते उपयोगी पडेल.

पहिलं काम त्यानं केलं ते दुरुस्तीचं नव्हतंच. सगळ्या कविता त्यानं पेनड्राईव्हवर उतरवून घेतल्या. दुसरं, निळा पडदा आला की यंत्र आपोआप पुन्हा सुरू होण्याची जी सोय असते, ती सिस्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद केली. आता पडदा थांबून राहू लागला आणि त्यावरचा मजकूर वाचता येऊ लागला. त्यात 'स्टॉप कोड' असतो. मला वही दिली आणि सांगितलं, प्रत्येक वेळी कोड, वेळ आणि तुम्ही काय करत होता ते लिहा. तीन दिवसांत पाच नोंदी झाल्या. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', मग पुन्हा पहिला. मला वाटलं, रोज नवा रोग. तो म्हणाला, "एकच कोड आणि एकाच ड्रायव्हरचं नाव येत राहिलं, तर त्या ड्रायव्हरकडे बघायचं. कोड असे बदलत राहिले तर आधी रॅम तपासायची." रॅम म्हणजे यंत्राची कामापुरती स्मरणशक्ती. तिथली एखादी जागा खराब असेल, तर जो कुणी तिथं बसेल तो पडतो. म्हणून दर वेळी आरोपी वेगळा दिसतो.

तरीही त्यानं रॅमला लगेच हात लावला नाही. एका वेळी एकच बदल, मग थांबून बघायचं, हा त्याचा नियम. जून महिना, सोलापूरचा उकाडा. त्यानं वायर काढून पेटीची बाजू उघडली. आत धूळ आणि कापसाचं तूस असं साचलं होतं, की प्रोसेसरवरचा पंखा दिसत नव्हता. मऊ ब्रशनं ते काढलं. यंत्र थंड चालू लागलं, पण दुसऱ्या दिवशी पडदा आलाच. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं हलकेच पुसले आणि परत घट्ट बसवल्या. पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं. आमचं दोन दिवस झालं, तिसऱ्या दिवशी नाही.

आता चाचणी. विंडोजमध्येच मेमरी तपासण्याची सोय असते, स्टार्टमध्ये 'मेमरी' असं टाईप केलं तरी सापडते. आम्ही मात्र 'मेमटेस्ट' नावाचा कार्यक्रम पेनड्राईव्हवरून रात्रभर चालवला. तो मेमरीत ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो. पहाटे अम्मा नमाजला उठली तेव्हा पडद्यावर लाल ओळी उमटल्या होत्या. तिनं मला हलवलं. म्हणाली, "अरे, याला गोवर आला काय?"

लाल ओळी म्हणजे चुका. पण दोन पट्ट्या आणि दोन खाचा होत्या. दोष पट्टीचा की खाचेचा? खाचेचा असेल तर दुकानदाराचं मदरबोर्डचं म्हणणं खरं. भाच्यानं चारही जोड्या एकेक करून तपासल्या. चार रात्री गेल्या. एक पट्टी दोन्ही खाचांत निर्दोष. दुसरी दोन्ही खाचांत चुकणारी. मदरबोर्ड निर्दोष सुटला. खराब पट्टी काढली, हजाराच्या आत दुसरी मिळाली. शेवटी 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा देऊन विंडोजच्या फाईल तपासून घेतल्या, कारण खराब मेमरीतून काही चुकीचं डिस्कवर उतरलेलं असू शकतं. त्यानंतर तो पडदा माझ्या यंत्रावर आला नाही.

हा पडदा मोठमोठ्यांना भेटलेला आहे. एप्रिल १९९८ मध्ये बिल गेट्स यांच्या उपस्थितीत 'विंडोज ९८'चं प्रात्यक्षिक चालू असताना, स्कॅनर जोडताच भर सभेत तो आला होता. १९ जुलै २०२४ ला तर 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पहिल्या काही तासांत सायबर हल्ल्याची शंका होती. हल्ला नव्हता, आपल्याच माणसानं पाठवलेली चुकीची फाईल होती. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'विंडोज ११'मध्ये या पडद्याचा निळा रंग जाऊन काळा आणला आणि रडका चेहराही काढून टाकला. स्टॉप कोड मात्र ठेवला. वाचायचं असतं ते तेवढंच.

ओव्यांचं सांगायचं राहिलं. त्या जुलैत अम्माला पुन्हा खाटेवर बसवलं. या वेळी भाचा टाईप करायला बसला आणि मी वहीत लिहीत होतो. बासष्टपैकी चव्वेचाळीस ओव्या परत आल्या. काही तिनं नव्या म्हटल्या, पण त्या वेगळ्या. उरलेल्या अठरांपैकी एखादीची सुरुवात तिला आठवायची आणि पुढं शब्द यायचा नाही. मग ती थांबायची. मी घाई करायचो नाही. कधी शब्द यायचा, कधी नाही.

अम्मा २०२२ मध्ये गेली. त्या अठरा ओव्या तिच्याबरोबर गेल्या. चव्वेचाळीस माझ्या वहीत आहेत, भाच्याच्या घरी आहेत आणि एका पेनड्राईव्हवर आहेत. ईदला भाचा येतो. चहा पूर्ण पितो.