कामगाराला सांगणे आणि कामगाराचे ऐकणे

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कारखान्याच्या दरवाजाशी टांगलेला सूचनाफलक ही कामगार चळवळीची एक मिळकत आहे, याचा बहुतेकांना विसर पडला आहे. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याने मालकावर बंधन घातले की, कायम कामगार कोण, बदली कोण, पाळी केव्हा, रजा कशी, गैरवर्तन कशास म्हणावे आणि त्यास शिक्षा कोणती, हे सर्व लेखी असले पाहिजे. ते इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत, बहुसंख्य कामगार ज्या दरवाजाने आत येतात त्या दरवाजापाशी लावले पाहिजे. तत्पूर्वी कित्येक ठिकाणी नियम हे मालकाच्या किंवा मुकादमाच्या तोंडात राहत आणि त्याच्या लहरीप्रमाणे बदलत. याच कायद्यात आणखी एक तरतूद होती, आणि ती अधिक मोलाची होती. आदेशांचा मसुदा प्रमाणित होण्यापूर्वी कामगार संघटनेकडे, संघटना नसल्यास कामगारांकडे, हरकतींसाठी पाठवावा लागे. फलकावर जे वाक्य लागणार, ते लागण्यापूर्वी वाचण्याचा व त्यास नकार देण्याचा हा अधिकार होता.

सांगितले जाण्याचा अधिकार निराळा आणि विचारले जाण्याचा अधिकार निराळा. संस्थेतील संवाद चांगला असला म्हणजे काम करणाऱ्यास आपलेपणा वाटतो, स्वतःची ओळख गवसते, समाधान लाभते, असे व्यवस्थापनशास्त्राचे ग्रंथ सांगत असतात. हे विधान खोटे म्हणता येणार नाही. परंतु संवाद म्हणजे काय, हा प्रश्न ते ग्रंथ सहसा मालकाच्या खुर्चीत बसून सोडवतात. त्या शास्त्राचा उगम ज्या प्रयोगांत मानला जातो, त्यांचाच वृत्तांत पाहिला तर हे स्पष्ट होते.

अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. तेथे टेलिफोनची सामग्री तयार होई. १९२४ ते १९३२ या काळात तेथे प्रयोगांची मालिका झाली. हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो यांचे नाव पुढे तिच्याशी कायमचे जोडले गेले. रिले जोडणाऱ्या मोजक्या कामगार मुलींना १९२७ मध्ये वेगळ्या खोलीत बसवले, त्यांना विश्रांतीच्या सुट्या दिल्या, कामाचे तास कमी केले, त्यांच्याशी सल्लामसलत केली. उत्पादन वाढत गेले. माणसाची दखल घेतली, त्याच्याशी बोलले की तो अधिक आनंदाने व अधिक काम करतो, हा त्यातून काढलेला निष्कर्ष जगभर गेला. मात्र त्या कथेचा एक भाग व्याख्यानांतून क्वचितच सांगितला जातो. जानेवारी १९२८ मध्ये त्या खोलीतील दोन मुलींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणण्यात आल्या. त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार अशी की, त्या कामाच्या वेळी फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत. संवादाचे महत्त्व सिद्ध करणाऱ्या प्रयोगातून दोघींना बोलण्यापायी जावे लागले! बोलण्याची मुभा होती, पण कोणते बोलणे चालेल हे ठरवणारा दुसराच कोणी होता.

पुढे त्याच कारखान्यात वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. मन मोकळे झाल्याने कामगारांना बरे वाटले, अशी नोंद आहे, आणि ती खरी असावी. दुःख कोणी ऐकून घेतले तर मन हलके होतेच. शेवटी १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या चौदा पुरुष कामगारांचे निरीक्षण झाले, तेव्हा निराळेच दृश्य दिसले. त्यांनी दिवसाचे काम किती करावयाचे हे आपसांत ठरवून घेतले होते. जो जास्त वेगाने करी त्याच्या दंडावर सोबती गुद्दा मारीत. काम वाढवले तर दर कापले जातील किंवा माणसे कमी होतील, असा त्यांचा हिशेब होता. मंदीचा काळ होता, बेकारी दारात उभी होती. अभ्यासकांनी या वागण्यास भावनेच्या खात्यात टाकले. एखाद्या गिरणीच्या साचेखात्यातील कामगाराने ते लगेच हिशेबाच्या खात्यात टाकले असते.

मुंबईच्या गिरण्यांत मालकाचा कामगाराशी प्रत्यक्ष संबंध जवळजवळ नव्हताच. मध्ये जॉबर होता. भरती तो करी, काम तो वाटे, रजा त्याच्या मर्जीने मिळे, आणि वरचा हुकूम खाली व खालची तक्रार वर त्याच्याच तोंडून जाई. तक्रार वर जाताना किती उरे, हे सांगावयास नको. बदली कामगाराची अवस्था याहून बिकट होती. पाळी सुरू होताना तो दरवाजाशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरता तो कामगार, नसेल तर परत खोलीवर. वर्षानुवर्षे अशा रीतीने काम केलेल्या माणसाने स्वतःस काय म्हणावे? त्या काळी इंग्रजीत गिरणी कामगाराला ‘हात’ म्हणत. एवढ्या मोठ्या माणसातून मालकाला जे हवे तेवढेच या शब्दात शिल्लक राहते.

या ‘हातां’ना तोंड मिळवून देण्याचे पहिले संघटित काम नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. महात्मा फुल्यांचे हे सहकारी १८८० पासून ‘दीनबंधु’ चालवीत होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार ठरलेल्या मुदतीत मिळणे, अपघातात जखमी झालेल्यास मदत, अशा त्यातल्या मागण्या. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पण सुट्टीइतकेच सह्यांचे महत्त्व आहे. जॉबरच्या मार्गाने न जाता, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अंगठ्याने सरकारपुढे जाण्याचा तो प्रसंग होता.

साठ वर्षांनी स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात कायदा झाला, तो मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६. त्याने एका उद्योगात एक ‘प्रातिनिधिक’ संघटना मान्य केली. तिने केलेला करार सर्वांवर बंधनकारक. प्रतिनिधी कोण, हे ठरवण्यासाठी गुप्त मतदान मात्र ठेवले नाही. सभासदांच्या वह्यांवर सारे ठरू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ व बदली कामगारांना कायम करणे या मागण्यांबरोबर हा कायदा रद्द करण्याची मागणीही होती, हे विसरता येत नाही. जी संघटना आपल्या वतीने बोलते ती आपली नाही, हा राग पगाराच्या आकड्याने शमणारा नव्हता. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. लाखावर संसार उघडे पडले. त्या संपाच्या डावपेचांविषयी मतभेद आहेत व राहतील, परंतु त्यामागील संतापाचे मूळ कोठे होते याविषयी समाजवाद्यांत तरी संदेह नसावा.

आज गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. मराठी मुलखातील कष्टकऱ्यांचा एक मोठा संघटित समूह आता गावोगावच्या अंगणवाडीत सापडतो. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. बालकांचे वजन घेणे, पोषक आहार देणे, गरोदर व स्तनदा मातांना भेटी देणे, लहानग्यांना शिकवणे, आणि याखेरीज सरकारच्या मनात येईल ते सर्वेक्षण करणे, हे काम ज्या करतात त्यांना ‘सेविका’ आणि ‘मदतनीस’ म्हणतात. त्यांना मिळते ते ‘वेतन’ नव्हे, ‘मानधन’. मराठी भाषेने या बायकांवर केलेला हा सर्वांत गोड अन्याय म्हटला पाहिजे. मानही द्यावयाचा आणि धनही, अशी शब्दाची ऐट. प्रत्यक्षात त्या एका शब्दाने निवृत्तिवेतनाचा हक्क, कर्मचारी म्हणून दर्जा, कामाच्या तासांची मर्यादा, सारे बाहेर ठेवले. स्वतःच्या इच्छेने सेवा करणारीने तक्रार कसली करावयाची? २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ लागू होतो, आणि मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असा निर्णय दिला, तेव्हा कोठे या शब्दाचे एक टाके उसवले.

याच सेविकांच्या हाती सरकारने मोबाइल दिले. माहिती झटपट वर जावी हा हेतू. २०२१ साली ‘पोषण ट्रॅकर’ नावाचे केंद्राचे अ‍ॅप आले. सेविकांची तक्रार होती की ते इंग्रजीत आहे, आणि फोन असे जुनाट व तोकड्या क्षमतेचे की नोंद करता करता बंद पडतात. तेव्हा राज्यभर हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत नेऊन दिले. वृत्तपत्रांनी याला तंत्रज्ञानाविषयीची भीती ठरवले असते तर नवल नव्हते, पण सेविकांचे म्हणणे सरळ होते: चालणारा फोन द्या, मराठीत अ‍ॅप द्या. १९४६ च्या कायद्याने गिरणीमालकावर जे भाषेचे बंधन घातले होते, तेच त्या स्वतंत्र भारताच्या सरकारकडे मागत होत्या. आणि यात आणखी एक मर्म आहे. या यंत्रातून माहिती फक्त एका दिशेने, वर, जाते. मुलांचे वजन वर जाते. वजनकाटा मोडला आहे, आहार आला नाही, अंगणवाडीचे भाडे थकले आहे, याची दखल मात्र त्याच वेगाने खाली येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू होऊन जानेवारी २०२४ पर्यंत लांबलेल्या त्यांच्या संपात मानधनवाढ, उपदान व निवृत्तिवेतन यांचा आग्रह होता. ज्यांचे रोज काही ऐकले जात नाही त्यांना पन्नास दिवस काम बंद ठेवून बोलावे लागते.

याउलट एक उदाहरण पुण्याचे. कचरा वेचणाऱ्या बायका, बहुतांश दलित समाजातील. पोलीस त्यांना चोर समजत, सोसायटीतले लोक कुत्र्यांप्रमाणे हाकलत. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने व एसएनडीटी विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या साथीने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. नावातच कचरा नाही, कागद आहे, काच आहे, पत्रा आहे. म्हणजे ज्यास बाजारभाव आहे असा माल, आणि तो वेचणारी कष्टकरी. पंचायतीने ओळखपत्रे काढली, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यास महापालिकेने त्यांना मान्यता दिली. छायाचित्र, नाव आणि शिक्का असलेला हा कागदाचा तुकडा पोलिसाला दाखवता येई. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. अडचणी संपल्या असे कोणी म्हणणार नाही. कराराच्या नूतनीकरणासाठी त्यांना पुनःपुन्हा झगडावे लागले आहे. पण झगडताना त्या कराराच्या एका बाजूस आहेत, ही गोष्ट दयेने दिलेल्या कोणत्याही सवलतीहून मोठी आहे.

आता थोडे घरातले. समाजवादी कामगार संघटनांतही फलकच जास्त आणि हरकती कमी, ही स्थिती नाकारण्यात अर्थ नाही. मध्यवर्ती कार्यालयातून परिपत्रक निघते, शाखेत ते वाचून दाखवले जाते, घोषणा होतात, वर्गणी जमा होते. वाटाघाटींना कोण जाणार हे मुंबईत ठरते; करारावर सही झाल्यावर द्वारसभा होते. सभासद बहुसंख्य स्त्रिया, व्यासपीठ बहुसंख्य पुरुषांचे. सभा रात्री आठला, म्हणजे जिच्या घरी चूल तिचीच वाट पाहत आहे तिने यावयाचे नाही असा अलिखित नियम. अशा संघटनेत कामगार बाहेर मालकाच्या फलकाखाली उभा असतो आणि आत नेत्याच्या. मग तो एक दिवस तिसऱ्याच झेंड्याखाली गेला तर त्यास जातीयवादाची भूल पडली, एवढ्यावर समाधान मानणे सोयीचे असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या आस्थापनेपासून पुढे लागू केली. म्हणजे ज्या फलकापासून या विवेचनाचा आरंभ झाला, तो असंख्य लहान कारखान्यांतून उतरवण्याची मुभा मिळाली. याविरुद्ध लढा दिलाच पाहिजे. पण त्याच संहितेत वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे, तीत दोन्ही बाजूंचे समसमान सभासद, आणि स्त्री कामगारांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्थान. या समित्यांवर मालकाच्या पसंतीची नावे जाऊ नयेत म्हणून आपापल्या वसाहतीतील कारखान्यांची यादी करणे, प्रत्येक पाळीत सभा घेऊन नावे कामगारांकडूनच सुचवून घेणे, आणि समितीपुढे गेलेल्या प्रत्येक तक्रारीचे काय झाले ते मराठीत लिहून संघटनेच्या फलकावर लावणे, हे काम शाखांनी हाती घ्यावयाचे आहे. सभेची वेळ प्रथम बायकांना विचारून ठरवावी.