घरात वापरली जाणारी वस्तू
(भिवंडी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेतील हस्तव्यवसायाचा विचार करताना एक साधा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. मुलाने केलेली वस्तू पुढे कोठे जाते? पुष्कळ शाळांतून ती कपाटावर जाते, प्रदर्शनाच्या दिवशी खाली उतरते, पाहुणे तिचे कौतुक करून जातात, आणि वर्षअखेरीस शाळा आवरताना ती केरात निघते. टिकल्यांनी मढविलेली बाटली फुलदाणी म्हणून मांडली, तरी तिच्यात फूल कोणी ठेवीत नाही; ती बाटलीच राहते. ज्या वस्तूची घरात कोणालाच गरज नाही, ती मुलाने कितीही मन लावून केली असली तरी तिचा शेवट असाच होतो, आणि हे मुलालाही कळत असते.

दुसरी गोष्ट खर्चाची. “उद्या येताना रंगीत कागद, डिंकाची बाटली, चमकी व आइस्क्रीमच्या काड्या आणाव्यात” अशी सूचना वहीत लिहून दिली जाते. गोदामात हमाली करणाऱ्या अथवा वीटभट्टीवर राबणाऱ्या घराला ही यादी लहान नसते. अशा घरचे मूल यादी आईला दाखवीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतही येत नाही. हस्तव्यवसायाच्या दिवसाची हजेरी शिक्षकांनी एकदा इतर दिवसांच्या हजेरीशी ताडून पाहावी. जो तास हाताने हुशार असलेल्या मुलाचा असावयास हवा, त्याच तासाला ते मूल बाहेर राहत असेल, तर दोष मुलाचा नाही, यादीचा आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्माजींनी मूलोद्योगाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. ती योजना सर्वत्र रुजली नाही. तिची कारणे अनेक आहेत. पण एक कारण शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जेथे टकळीवर काढलेले सूत विणकरापर्यंत पोहोचले आणि त्याचे कापड मुलाच्या अंगावर आले, तेथे उद्योगाला अर्थ होता. जेथे ते सूत शाळेच्या कोपऱ्यात पडून राहिले, तेथे टकळी हा केवळ एक विधी उरला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव हा शब्द दिला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरविरहित दिवसांची कल्पना मांडली. नावे बदलली तरी प्रश्न तोच आहे.

याचे उत्तम उत्तर पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच मिळाले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम केले. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर आणणे शक्य नव्हते. त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. परिसरात जे विपुल आहे त्यातून शिकवावयाचे, हे त्या कामाचे मर्म होते.

मग भिवंडीच्या परिसरात विपुल काय आहे? याचे उत्तर देण्यास विचार करावा लागत नाही. येथे मागाचा खडखडाट रात्रंदिवस ऐकू येतो. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांच्या हातमागांपासून आजच्या यंत्रमागांपर्यंत या गावाचे पोट कापडावर भरत आले आहे. मागावर कापड निघते तशी चिंधीही निघते. काठालगतच्या पट्ट्या, तुटक्या सुताच्या दशा, सूत संपल्यावर उरणारे पुठ्ठ्याचे कोन. खेड्यांतून भाताचा पेंढा आहे, बांबू आहे, आणि प्रत्येक घरात जुने लुगडे किंवा ओढणी आहे. चिंधी फुकट पडलेली नसते, ती वजनावर विकली जाते, हे खरे. तरीही शाळेने मागितल्यास एखादे पोते देण्यास मागवाला किंवा गावचा शिंपी सहसा नाही म्हणत नाही. मात्र हे पोते शिक्षकांनी स्वतः आणावे. मुलांना चिंध्या वेचण्यासाठी माग चालू असलेल्या जागेत कदापि पाठवू नये. तेथे फिरते पट्टे असतात, आणि आवाजात हाक ऐकू येत नाही.

पोते शाळेत आले म्हणजे पहिला पाठ विज्ञानाचा होतो. सर्व कापड एकसारखे नसते. आज भिवंडीच्या मागांवर सुती कापडाबरोबर कृत्रिम धाग्यांचे कापडही पुष्कळ निघते. शिक्षकांनी मुलांना दूर बसवून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, एक-एक धागा चिमट्यात धरून जाळून दाखवावा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळाल्याचा वास येतो, आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो, आणि त्याची टणक मणी होते. मुलांनी स्वतः करावयाची परीक्षा पाण्याची: कापडावर थेंब टाकावा आणि तो किती वेळात शोषला जातो ते पाहावे. येथे एक गंमत घडते. मागावरून नुकत्याच आलेल्या कोऱ्या सुती कापडावरही थेंब तसाच उभा राहतो. मुले गोंधळतात. कारण असे की, विणताना ताण्याचे सूत घासून तुटू नये म्हणून त्याला आधी खळ दिलेली असते. ती गरम पाण्यात धुतली गेल्याशिवाय सूत पाणी पीत नाही. ज्यांचे वडील सायझिंगमध्ये काम करतात, त्या मुलांना हे ठाऊक असते. त्या दिवशी वर्गाला ते मूल शिकवील.

यानंतर पायपुसणे. चौथीच्या मुलांनाही ते साधते. धुतलेल्या सुती चिंधीच्या चार सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या फाडाव्यात, टोके जोडून लांब कराव्यात, आणि तीन पट्ट्यांची वेणी घालावी. वेणी घालणे मुलींना येतेच. मुलांनी त्या शिकवतील तसे शिकावे, त्यात कमीपणा काही नाही. वेणी साधारण दोन सेंटिमीटर रुंद होते. ती सपाट ठेवून गोल गुंडाळावी आणि शेजारच्या दोन फेऱ्या जाड सुईने एकमेकींस जोडाव्यात. येथे सातवीच्या वर्गाला एक उदाहरण घालावे: चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या पायपुसण्याला वेणी किती लांब लागेल? वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १२५६ चौरस सेंटिमीटर; वेणीची रुंदी दोन; म्हणजे लांबी ६२८ सेंटिमीटर, सुमारे सव्वासहा मीटर. वेणी घालताना पट्ट्या आखडतात, म्हणून प्रत्येक पट्टी पाऊण पट वाढवून नव्हे, साधारण पावपटीने वाढवून घ्यावी, म्हणजे आठेक मीटर. क्षेत्रफळाचे सूत्र फळ्यावर दहा वेळा लिहूनही ज्यांच्या गळी उतरत नाही, त्यांना ते वेणी कमी पडली की उतरते. गुंडाळताना आतली फेरी ओढली गेल्यास पायपुसणे टोपीसारखे वर येते. तसे झाल्यास उसवावे. उसवण्यालाही शिक्षणात स्थान आहे.

आता दुपट्याविषयी थोडे विस्ताराने, कारण या सर्व वस्तूंत ती श्रेष्ठ होय. गावात दर काही दिवसांनी कोठे ना कोठे बाळ जन्मते. बाळाला मऊ दुपटे लागते, आणि सर्वांत मऊ कापड जुन्या सुती लुगड्याचे असते, कारण शेकडो धुण्यांनी त्यातील खळ आणि खरखर निघून गेलेली असते. म्हणून दुपट्याला नवे कापड घेऊ नये आणि कृत्रिम धाग्याचे तर मुळीच नको. खाली-वर लुगड्याचे दोन थर, मध्ये जुन्या धोतराचा किंवा चादरीचा एक थर, असे तीन थर अंथरावेत. शिवून झाल्यावर प्रत्येक बाजू ऐंशी सेंटिमीटर राहावी या बेताने कडा आत दुमडाव्यात. कच्चा दोरा घालून थर जागच्या जागी धरावेत. ही पायरी गाळली तर आतला थर गोळा होतो. नंतर कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत जावे. साधा धावदोरा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन फेऱ्यांत चार सेंटिमीटर अंतर. अशा दहा फेऱ्या होतात, आणि त्यांची एकूण लांबी सुमारे साडेसतरा मीटर भरते. चार बाजूंना चार मुले बसविली तर एकेकाच्या वाट्याला साडेचार मीटरहून किंचित कमी शिवण येते. हा हिशेब मुलांनी आधी करावा व नंतर दोरा मोजून पाहावा.

हे काम शिकविण्यास शिक्षकांनी गावातील गोधडी शिवणाऱ्या एखाद्या आजीला शाळेत बोलवावे. सुई कशी धरावी, दोरा मेणावर ओढून का घ्यावा, कोपरा कसा वळवावा, हे ती जे दाखवील ते कोणत्याही पुस्तकात तितके स्पष्ट नाही. आजीला खुर्ची द्यावी आणि शिक्षकांनी मुलांबरोबर सतरंजीवर बसून शिकावे. जिला शाळेच्या दारात कधी कोणी बोलाविले नाही, तिच्या हातातील विद्या शाळेने विद्या म्हणून मानली, हे तिची नातवंडे पाहतात. तयार दुपटे कोणाला द्यावयाचे हे मुलांनी ठरवावे. बारसे कोणाकडे आहे हे त्यांना शिक्षकांच्या आधी कळते. आगऱ्याच्या घरी, वारल्याच्या पाड्यावर, मोमीनांच्या मोहल्ल्यात किंवा तेलंगणातून आलेल्या विणकराच्या खोलीत, दुपट्याला कोठेही परकेपणा नाही.

इतर वस्तूंविषयी थोडक्यात सांगता येईल. पेंढा किंवा जुने कापड पिळून केलेली चुंबळ डोक्यावरील हंड्याखाली चालते आणि गोल बुडाच्या मडक्याखालीही. दशांच्या सुतापासून राख्या होतात; त्यांना बाजारच्या चमकीची गरज नाही. ताटावर किंवा दुधाच्या पातेल्यावर घालावयाचा पातळ रुमाल, त्याच्या चार कोपऱ्यांना वजनासाठी एकेक मणी, ही भेट दिवाळीला शोभते तशी ईदलाही. आकाशकंदील बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद यांचाच करावा; सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, आणि ती आली नसती तरी थर्माकोल मुलांच्या हाती देण्यासारखी वस्तू नव्हती. वर्तमानपत्राच्या पिशव्या कराव्यात, परंतु त्यांतून खाऊ देऊ नये. छापाची शाई पोटात जाते, आणि अन्नसुरक्षेच्या नियमांनीही त्यास मनाई केली आहे. चिकटविण्यासाठी शाळेतच खळ शिजवावी: एक वाटी कणीक थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावी, पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळीत दाट होईपर्यंत ठेवावी, चिमूटभर तुरटी घालावी. काही जुन्या पुस्तकांत मोरचूद घालण्यास सांगितले आहे. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या खळीत ते घालू नये. वारली चित्रे भेटकार्डावर काढावयाची असतील, तर तो चौक मुळात लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने काढीत आल्या आहेत, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी (पद्मश्री, २०११) ती कला कागदावर आणून जगापुढे नेली, एवढे तरी मुलांना सांगावे. नुसते त्रिकोण जोडून माणसे काढणे म्हणजे वारली चित्र नव्हे.

एक गोष्ट मात्र भिवंडीतील शिक्षकांना इतर कोणत्याही तालुक्यातील शिक्षकांहून अधिक जपावी लागेल. येथे मुलांच्या हातांना आधीच मागणी आहे. धागे कापणे, मणी ओवणे, नगावर पैसे मिळणारी अशी कामे अनेक घरांतून चालतात, आणि मूल त्यात हात लावते. शाळेतील सुई व घरातील सुई यांत फरक काय, असे एखाद्या मुलीने विचारले तर शिक्षकांजवळ उत्तर असावयास हवे. फरक असा: शाळेत ती एक वस्तू आरंभापासून शेवटापर्यंत करते, ती कोणाला द्यावयाची हे ती ठरविते, बिघडली तर उसवण्यास तिला वेळ असतो, आणि मोजणी नगांची होत नाही. यापैकी एकही गोष्ट सुटली तर शाळेतील हस्तव्यवसाय मजुरीची तालीम होऊन बसेल. म्हणूनच मुलांच्या वस्तू विकून शाळेसाठी निधी उभारण्याचा मोह, हेतू चांगला असला तरी, टाळावा. पालकसभेत कोणी तशी सूचना केल्यास स्पष्ट नकार द्यावा. मूल्यमापनातही सुबकपणाला गुण देण्याऐवजी वस्तू वापरात आली की नाही याची नोंद करावी, महिन्याने मुलाला नुसते विचारावे, “पायपुसणे कोठे आहे?” ते दारात आहे, असे उत्तर आले की नोंद पूर्ण झाली.

व्यवस्थेच्या दृष्टीने शेवटची सूचना सुयांविषयी. तिसरीपर्यंत सुई देऊ नये. वेणी, चुंबळ आणि खळीची कामे त्या वयाला पुरेशी आहेत. चौथीपासून बोथट टोकाची जाड सुई, आणि बारीक सुई पाचवीनंतर. डाव्या हाताने शिवणाऱ्या मुलाला डाव्या हातानेच शिवू द्यावे. सुया खोबरेल तेलाचे बोट लावलेल्या लोकरीच्या तुकड्यात टोचून डबीत ठेवाव्यात, डबीवर संख्या लिहावी, तासाच्या आरंभी मोजून द्याव्यात आणि घंटा होण्यापूर्वी मोजून घ्याव्यात. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत सतरंजी झटकू नये.