उजनीच्या काठानं सायकल: भिगवण ते पळसदेव

आज मागं थोडा वाऱ्याचा आवाज येईल, कारण यातले काही तुकडे मी सायकल बाजूला लावून तिथंच फोनवर रेकॉर्ड केले होते. जे वाचतायत त्यांना तो त्रास नाही.

बऱ्याच जणांचा मेसेज होता की पुण्याजवळ सपाट, शांत, रोड बाइकवर जमेल असा रूट सांगा. सिंहगड नको, घाट नको. तर आज उजनीचं बॅकवॉटर. पण आधीच सांगतो, हा एपिसोड फक्त रूटचा नाहीये. मी पक्षी आणि एक जुनं देऊळ बघायला गेलो होतो आणि डोक्यात भलतंच घेऊन परत आलो.

आधी रूट. पुण्याहून भिगवण साधारण शंभर किलोमीटर, सोलापूर हायवेनं. तो भाग सायकलवर करू नका. म्हणजे करता येतो, पण ट्रकच्या हॉर्नमध्ये कसली आलीय मजा. माझा मावसभाऊ इंदापूरला पिकअप घेऊन चालला होता. मी म्हटलं, "दादा, मला भिगवणला टाक, दुपारी इंदापुरातनं उचल." पहाटे साडेपाचला त्यानं मला चौकात उतरवलं. २०२४ चा मे महिना, सुरुवातीचा आठवडा. त्या वेळीही अंगाला गरम वारा लागत होता, यावरून ओळखा.

भिगवणहून आत वळलं की पाच मिनिटांत हायवे विसरायला होतं. दोन्ही बाजूंना ऊस, अरुंद डांबरी रस्ता, मध्येच गोठ्याचा वास, दूध घालायला निघालेली मंडळी. डिकसळच्या बाजूला एक जुना दगडी पूल आहे. तो मुळात रेल्वेचा, इंग्रजांच्या काळातला. धरणाचं पाणी येणार म्हणून रेल्वेचा मार्ग हलवला आणि पूल रस्त्याला मिळाला. आता त्याची तब्येत बरी नाही, त्यामुळं पलीकडं जायचं असेल तर आधी गावात विचारा. मी नुसता टोकाशी उभा राहिलो. पुढं कुंभारगाव. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे तर जानेवारी ते मार्च या. मी उशिरा गेलो, तरी लांब पाण्यात गुलाबी पट्टा दिसला. राखी बगळे आणि चित्रबलाक तर हवे तेवढे.

सायकलवाल्यांसाठी एकच गोष्ट जोर देऊन सांगतो: बाभळीचे काटे. बारीक टायर असतील तर दोन ट्यूब आणि पंप घेतल्याशिवाय निघू नका. माझी पुढची ट्यूब कुंभारगाव सोडल्यावर दहा मिनिटांत गेली. काटा टायरमध्येच अडकलेला असतो, तो न काढता नवी ट्यूब टाकली की तीही जाते. हे मला दुसरी ट्यूब गेल्यावर कळलं. शेवटी एका वस्तीवरच्या मुलानं मोटारसायकलच्या पंक्चरचा पॅच लावून दिला आणि वर चहाही पाजला.

डाळजच्या पुढं मधूनमधून हायवेला यावंच लागतं. तिथं सर्व्हिस रोड धरायचा आणि गुपचूप कडेनं जायचं. मग पळसदेव.

पळसदेवची गंमत अशी की आज हायवेलगत दिसतं ते गाव नवं आहे. जुनं गाव भीमेच्या काठी होतं. उजनी धरणाचं भूमिपूजन १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं, म्हणूनच जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. काम १९८० मध्ये पूर्ण झालं. पाणी चढत गेलं तशी काठावरची गावं उठली. माणसं वर आली आणि पळसनाथाचं देऊळ पाण्यात राहिलं. चांगलं शेकडो वर्षं जुनं देऊळ हो, खालचं बांधकाम दगडी, वर विटांचं शिखर. पाणी बरंच उतरलं की शिखराचा शेंडा दिसतो. अजून उतरलं की सगळं देऊळ उघडं पडतं.

मी गेलो तेव्हा ते सगळं उघडं होतं.

थोडं अंतर होडीनं गेलो आणि उरलेलं भेगाळलेल्या गाळातून चालत. सायकल काठावर एका मोटारीच्या खोक्याला टेकवून ठेवली. रोड बाइकचे बूट घालून गाळात जाऊ नका, क्लीटमध्ये चिखल बसला की पेडलला लागतच नाहीत. देवळापाशी पोचलो आणि खरं सांगतो, बोलतीच बंद झाली. खांबांवरची नक्षी हाताला लागते. दगडावर शिंपल्यांचा थर. विटा इतकी वर्षं पाण्यात राहून अजून जागच्या जागी! आजूबाजूला घरांचे पाये, मध्येच एखादं जातं पडलेलं. आपण कुणाच्या तरी अंगणातून चालतोय हे जाणवत राहतं. काही पोरं शिखरावर चढून रील काढत होती. मीही फोटो काढले, चढलो नाही एवढंच.

परत काठाला आलो तर सायकलपाशी एक आजोबा बसलेले. माझ्या टायरवर बोट दाबून बघत होते.

"कुठनं आलास पोरा?"

"पुण्याहून. म्हणजे घर सोलापूरला."

"देऊळ बघाय आला व्हय." मग थोडं थांबून म्हणाले, "ती तिकडं पाय्या दिसतोय का, चिंचंचं खोड हाय तिथं? त्यो आमचा वाडा."

मी म्हटलं, "आजोबा, मग बरं वाटत असेल ना, इतक्या वर्षांनी दिसलं की?"

ते हसले. "बरं कसलं? देऊळ दिसाय लागलं की आमाला भ्या वाटतं. पाइप बघ माझी."

मी बघितलं. काठावरून काळी पाइप आणि शेजारून केबल, गाळातून आत आत, पाण्यापर्यंत. जसं पाणी मागं सरकतं तशी मोटार पुढं न्यायची, पाइप जोडायची, केबल वाढवायची. त्या उन्हाळ्यात कितव्यांदा, ते त्यांनी मोजणं सोडलं होतं. वर ऊस उभा, त्याला पाणी पाहिजे. उघड्या पडलेल्या जमिनीत काही जण गाळपेर करतात, चार महिन्यांचं पीक काढतात, तेवढाच आधार. पण पाइपचा आणि विजेच्या केबलचा खर्च त्यातून निघेलच असं नाही.

आणि मग मी एक उद्योग केला. देवळाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. 'बघा, पाण्यातलं मंदिर!' आईचा रिप्लाय आला: 'छान आहे. पण मग धरणात काहीच राहिलं नाही का?'

माझं शिक्षण सोलापुरात झालं. ज्यांचं झालंय त्यांना पुढचं सांगायला नको. आईशी फोनवर बोलताना 'जेवलास का' नंतरचं दुसरं वाक्य असतं, 'आमच्याकडं परवा पाणी यायचंय.' घरातली बादली, टाकी, पातेलं, सगळ्यांचं वेळापत्रक नळावर ठरतं. आणि ते पाणी येतं उजनीतून. म्हणजे मी ज्या देवळापाशी 'वॉव' म्हणत उभा होतो, ते देऊळ म्हणजे आमच्या घरच्या पाण्याची मोजपट्टी होती. लहानपणापासून पेपरात 'उजनी मायनसमध्ये' वाचत आलोय, पण मायनस म्हणजे काय, हे कधी नीट समजूनच घेतलं नव्हतं.

तर समजून घेऊ, दोन मिनिटं लागतील. उजनीची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी 'मृत साठा', म्हणजे कालव्याच्या दरवाजांच्या खालचं. वरचं सुमारे ५३ टीएमसी ते 'उपयुक्त'. टक्के मोजतात ते या उपयुक्त पाण्याचे. ते संपलं की शून्य टक्के. त्यानंतर मृत साठ्याला हात लागतो आणि आकडा मायनसमध्ये जातो. त्या उन्हाळ्यात, जूनपर्यंत, उजनी मायनस साठ टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणजे मृत साठासुद्धा जवळपास निम्मा संपला होता. मृत साठ्यात इतकं पाणी आहे म्हणून सोलापूर तगलं, हेही खरंच.

आणि पाण्याचा रंग? हिरवागार. मी आधी फोटोसाठी खूश झालो. मग वास आला. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेत जातं, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि भीमा इथं येऊन थांबते. मी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये बेसिनचा नळ सोडतो, ते पाणी फिरत फिरत आईच्या दिशेनंच निघालेलं असतं. याच्यावर मला विनोद सुचला होता, पण राहू दे.

तिथून कळाशीपर्यंत गेलो. तिथल्या काठावर होडीनं पलीकडं कुगावला जायचे लोक. पलीकडं करमाळा तालुका. रस्त्यानं वळसा घालायचा तर प्रचंड अंतर, त्यामुळं माणसं मोटारसायकलीसकट होडीत बसायची. मलाही एकानं विचारलं, सायकल टाकायची का? माझा मोह झाला होता, पण दादाचा फोन आला म्हणून राहिलं. त्यानंतर काही दिवसांनी, २१ मे २०२४ ला, कुगावहून कळाशीकडं येणारी होडी वादळात उलटली. सहा जण गेले. बातमी वाचली तेव्हा तो घाट डोळ्यांसमोर होता. आपण त्या पाण्याला 'लेक व्ह्यू' म्हणतो, तिथल्या लोकांसाठी ते दोन गावांच्या मध्ये आलेलं पाणी आहे.

इंदापूरला पोचेपर्यंत साडेबारा झाले. डोकं गरगरत होतं. दोन बाटल्या पुरत नाहीत, तीन घ्या, आणि ओआरएसची पुडी. मेमध्ये जाणार असाल तर दहाच्या आत संपवा. त्यापेक्षा हिवाळ्यातच जा.

मी ऑगस्टमध्ये परत गेलो होतो. तोवर धरण भरलं होतं. पळसदेवला काठावर उभा राहिलो तर नुसतं पाणी. शेंडासुद्धा नाही. आजोबा टपरीवर भेटले, मला ओळखलं नाही, सायकलला ओळखलं. देऊळ कुठं असेल, मी विचारलं. त्यांनी न बघताच हात केला. मला त्या दिशेला एक टिटवी सोडून काही दिसलं नाही. चिंचेचं खोडही गेलं होतं खाली. मोटार मात्र आता पार वर, बांधाला लागून होती आणि पाइपचं वेटोळं शेडमध्ये ठेवलेलं.

त्या सपाट पाण्याचा एक फोटो काढला. ग्रुपवर टाकला. आईनं अंगठा दाखवला आणि विचारलं, जेवलास का.