पुळण, घाट आणि पाणंद



पहाटे महामार्गाच्या कडेने धावणारी खेड्यातील मुले-मुली सर्वांच्या परिचयाची आहेत. पोलीस भरतीसाठी मुलांना १,६०० व मुलींना ८०० मीटर धावावे लागते; त्याचा सराव मात्र मालमोटारींच्या झोतात चालतो. वास्तविक याहून सुरक्षित आणि रम्य वाटा गावाजवळच असतात.

गुहागरची पुळण सुरूच्या बनालगत सरळ लांबवर गेली आहे. ओहोटीला पाण्याकाठची ओली वाळू घट्ट होते. नवख्याने तेथे थोडे चालावे, थोडे धावावे. वरची कोरडी वाळू पोटऱ्यांचा कस पाहते, ती सरावलेल्यांसाठी. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते; कोळीबांधवांना विचारूनच निघावे.

देशावर साताऱ्याचा यवतेश्वर घाट आहे. तेथे २०१२ साली अर्धमॅरेथॉन सुरू झाली. तो चढ मात्र पहिल्याच महिन्यात कोणी घेऊ नये.

ज्या गावाला समुद्र नाही, घाट नाही, त्याला पाणंद असतेच. बाभळीचे काटे आणि बांधाची अतिक्रमणे दूर करून पंचायतीने ती मोकळी केली, तर बैलगाडीबरोबर धावणाऱ्या मुलीलाही वाट मिळते. आठशे मीटरची खूण करण्यास एक शिक्षक, एक टेप आणि चुन्याची बादली पुरते.